विहाराची जागा : भारतीय बौद्ध महासभेच्या वाटचालीतला एक धागा

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भारतीय बौद्ध महासभेची स्थापना ४ मे १९५५ रोजी मुंबईत केली. नागपूरची धम्मदीक्षा त्यानंतर सुमारे दीड वर्षाने झाली. संस्थेचा इतिहास लिहायला बसले की अध्यक्षांची परंपरा, श्रामणेर शिबिरे, बौद्धाचार्यांची घडण, वर्षावासातील ग्रंथवाचन, लग्नविधीतला बदल हे सगळे ओघाने येते आणि ते यायलाही हवे. आजऱ्याच्या या स्मरणिकेसाठी मात्र त्यातला एकच धागा धरला आहे, तो विहाराच्या जागेचा. गावात विहार बांधायचे ठरले की पहिला प्रश्न जागेचा येतो, आणि बहुतेक ठिकाणी पहिला विरोधही तिथेच उभा राहतो. हा विरोध वरवर धर्माचा दिसतो. पण गेल्या शंभर वर्षांतला पुरावा नीट मांडून पाहिला, तर बुद्धाशी गावाचे सहसा भांडण नव्हते असेच दिसते. ज्यांना गावाने पिढ्यान्‌पिढ्या हद्दीबाहेर ठेवले, त्यांनी गावाच्या नकाशावर स्वतःच्या नावाची, कायमची, सर्वांना दिसणारी जागा मागावी, हे गावाला सोसत नव्हते. महासभेचे ग्रामीण काम समजून घ्यायचे तर ही गोष्ट आधी समजून घ्यावी लागते.

या परिसराला बुद्ध परका नाही. जोतिबाच्या डोंगराजवळची पोहाळ्याची लेणी बौद्ध आहेत. कोल्हापूर शहरातच १८७७ साली एका प्राचीन स्तूपाचे अवशेष आणि त्यातला करंडक सापडला, आणि ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ मध्ये झालेल्या उत्खननाने सातवाहनकाळातले भरभराटीचे नगर उजेडात आणले. तेव्हा ‘हे काहीतरी बाहेरून आलेले’ हा आक्षेप इतिहासाच्या पहिल्याच पानावर गळून पडतो. तरीही तो घेतला जातो, कारण बोलणाऱ्याच्या मनात प्राचीन बौद्ध नसतात. त्याच्या मनात शेजारच्या वस्तीतली माणसे असतात.

विरोधाची भाषा काळाप्रमाणे कशी बदलत गेली हे महाडच्या खटल्यात सर्वात स्वच्छ दिसते. मार्च १९२७ मध्ये अस्पृश्यांनी चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यावर आधी अफवा उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. त्या अफवेवर मारहाण झाली. मग तळे ‘शुद्ध’ केले गेले. इथपर्यंत भाषा विटाळाची होती. त्याच वर्षी डिसेंबरात विरोधक दिवाणी न्यायालयात गेले तेव्हा मात्र भाषा पालटली. तळे ही स्पृश्यांची खाजगी मालमत्ता आहे आणि इतरांना तिथे न येऊ देण्याची वहिवाट अनादी काळापासून चालत आली आहे, असे म्हणणे मांडले गेले. विटाळाचा मुद्दा कोर्टात टिकणारा नव्हता, म्हणून मालकी आणि वहिवाट पुढे आली. खटला नऊ वर्षांहून अधिक काळ चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला : तळे नगरपालिकेचे, आणि अनादी वहिवाट सिद्ध झालेली नाही. या निकालाकडे आपण सामाजिक विजय म्हणून पाहतो, ते बरोबरच आहे. पण गावोगावच्या कार्यकर्त्याने त्यातून आणखी एक गोष्ट उचलावी. ‘पहिल्यापासून असेच आहे’ हे विधान पुरावा मागताच डळमळते. कुणीतरी चिकाटीने कागद मागितला पाहिजे, एवढीच अट असते.

नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला आणि पाच वर्षे चालला. १९३५ च्या येवल्याच्या धर्मांतराच्या घोषणेनंतर दुसऱ्याच्या देवळात प्रवेश मागण्याचा मार्ग सोडून दिला गेला. इथे एक बाब सहज नजरेआड होते. नाशिकच्या सत्याग्रहाची धुरा ज्या दादासाहेब गायकवाडांनी वाहिली, तेच १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांच्या सत्याग्रहाचे नेते होते. देवळाच्या दारापासून पडीक जमिनीच्या मागणीपर्यंतचा हा प्रवास एकाच माणसाच्या आयुष्यात झाला, यात मला मोठा अर्थ दिसतो. दोन्ही ठिकाणी मागणी एकच होती : पाय रोवायला हक्काची जागा.

देहूरोडच्या विहाराचे उदाहरण याच दृष्टीने पाहण्यासारखे आहे. रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना बाबासाहेबांनी तिथे २५ डिसेंबर १९५४ रोजी केली. ही वसाहत लष्करी डेपोत काम करणाऱ्यांची. रोजगार पगारी, जागा छावणीच्या हद्दीतली, आणि गावकीचा अंमल नाही. मूर्ती बसवण्याला मान्यता देणारा किंवा नाकारणारा पाटील तिथे नव्हता. आरंभीचे विहार गिरण्यांच्या चाळी, रेल्वेच्या वसाहती, छावण्या अशा ठिकाणी जितक्या लवकर झाले तितक्या लवकर ते खेड्यात का झाले नाहीत, याचे उत्तर यात आहे. खेड्यातल्या माणसाची श्रद्धा कमी होती असे नाही. जागा ज्याच्या हातात होती, त्याच्याच हातात त्याची मजुरी, त्याची बलुत्याची भाकरी आणि पाण्याची वाटही होती.

१९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत बौद्ध जेमतेम अडीच हजार होते, आणि १९६१ मध्ये ते सुमारे २८ लाख झाले. दहा वर्षांत, खरे तर १९५६ नंतरच्या चारपाच वर्षांत, एवढ्या माणसांना एकत्र बसून वंदना म्हणायला छप्पर हवे होते. त्यांच्यामागे ना कुणाचे इनाम होते, ना राजाश्रय, ना सावकाराची देणगी. ज्यांच्याकडे महार वतनाच्या जमिनी होत्या, त्यांचीही स्थिती अवघड होती. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहूंनी १९१८ मध्येच महार वतन मोडून जमिनी रयतावा केल्या होत्या. ते पाऊल काळाच्या कितीतरी पुढचे होते. मुंबई राज्यात कनिष्ठ गाव वतने नाहीशी करण्याचा अधिनियम १९५८ साली झाला आणि १ ऑगस्ट १९५९ पासून अमलात आला. त्यात कब्जेहक्काची रक्कम भरून जमीन परत मिळण्याची सोय होती, पण ती नव्या शर्तीने, जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय हस्तांतर न करण्याच्या अटीवर. वाटण्या होऊन उरलेले गुंठे आणि त्यावर ही शर्त, अशा जमिनीतून विहारासाठी तुकडा काढून देणे म्हणजे सहा भावांच्या सह्या, तलाठ्याचा फेरफार आणि तहसीलच्या खेपा. खेड्यातला विहार पाच-दहा वर्षे रखडला की ‘या लोकांत एकी नाही’ असे सहज म्हटले जाते. रखडण्याचे कारण बहुधा सात-बाराच्या इतर हक्कांच्या रकान्यात सापडते.

आता विरोधाच्या बाजूने जे म्हटले जाते ते प्रामाणिकपणे तपासले पाहिजे, कारण त्यातले सगळेच खोटे नाही. सर्वात वजनदार आक्षेप सार्वजनिक जागेचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २००९ च्या आदेशाने रस्ते, उद्याने व अशा सार्वजनिक जागांवर कोणत्याही धर्माचे नवे अनधिकृत बांधकाम होऊ देऊ नये असे स्पष्ट बजावले. गायरानाबाबतही २०११ मध्ये जगपाल सिंग प्रकरणात न्यायालयाने कडक भूमिका घेतली. हा कायदा विहारालाही लागू आहे आणि लागू असलाच पाहिजे. रातोरात ओटा बांधून, मूर्ती ठेवून, मग हात लावून दाखवा म्हणण्याचा मार्ग बाबासाहेबांच्या घटनानिष्ठेला शोभणारा नाही. शिवाय तो सर्वात आधी आपल्याच माणसांना खटल्यात अडकवतो. पण हा नियम सांगणाऱ्याने त्याची दुसरी बाजूही पाहावी. पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीच्या ताब्यात कोल्हापूर, सांगली आणि सिंधुदुर्ग भागातली तीन हजारांहून अधिक देवस्थाने आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळांच्या मागे संस्थानकाळातल्या इनाम जमिनी आहेत. आजरा महाल तेव्हा इचलकरंजी जहागिरीत होता. रवळनाथाच्या देवळाला गावाच्या मध्यावर जागा असणे ही गावाच्या घडणीचीच गोष्ट आहे, आणि त्याबद्दल कुणाची तक्रार असण्याचे कारण नाही. मुद्दा एवढाच की गावठाणाचा नकाशा जेव्हा आखला गेला, तेव्हा एका समाजाला त्यात जागा मागण्याची सोयच नव्हती. २००९ नंतर सर्वांना एकच नियम लावणे न्याय्य आहे. त्याआधीच्या वाटपाला मात्र कुणी समान म्हणू नये. त्यावर उपाय अतिक्रमणाचा नाही. खाजगी जागा खरेदी करणे, बक्षीसपत्राने घेणे किंवा रीतसर मागणी करून मंजूर करून घेणे हाच तो उपाय, आणि त्या रीतसर मागणीला ग्रामसभेने हात वर करून नुसते ‘नको’ म्हणणे हे कारण होऊ शकत नाही.

दुसरा आक्षेप एकोप्याचा. विहार झाला, कमान झाली, निळे झेंडे लागले की गावात दोन तट पडतात, असे म्हटले जाते. इथे जवळचीच घटना आठवावी. मिरज तालुक्यातील बेडग येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नावाची स्वागत कमान जून २०२३ मध्ये ग्रामपंचायतीने पाडली. त्यानंतर दलित समाजातली अनेक कुटुंबे घरांना कुलपे लावून, बायकामुलांसह पायी मुंबईच्या दिशेने निघाली. हा विषय विहाराचा नव्हता, कमानीचा होता. पण कमान आणि विहार यांना एक गोष्ट समान आहे : गावात शिरणाऱ्याला ती पहिल्या नजरेत दिसते. त्या महिन्यात कोणत्या परवान्यावरून काय वाद झाला हा चौकशीचा भाग झाला. कुटुंबांनी गाव सोडण्यापर्यंत वेळ यावी, यातून कळते की तिथला एकोपा कमान उभी राहण्यापूर्वीही एका बाजूच्या गप्प बसण्यावर टेकलेला होता. जो एकोपा एका समाजाने आपले नाव न लावण्याच्या अटीवर टिकतो, त्याला एकोपा म्हणता येत नाही. १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाल्यावर खेड्यापाड्यांत घरे जळली. बाबासाहेबांचे नाव विद्यापीठाच्या फाटकावर लागायचे होते आणि आग लागली ती विद्यापीठापासून कित्येक मैल दूरच्या वस्त्यांना. खेड्यातल्या त्या लोकांना विद्यापीठाच्या नावाने काय फरक पडणार होता? फरक पडत होता तो वस्तीतल्या माणसांची मान वर होण्याने.

तिसरा आक्षेप सुशिक्षितांकडून येतो, आपल्यातल्या तरुणांकडूनही येतो : विहार कशाला, शाळा बांधा, दवाखाना बांधा. बाबासाहेबांना तरी कर्मकांड कुठे हवे होते? या प्रश्नामागची कळकळ खरी आहे. त्याचे उत्तर बाबासाहेबांच्या कामाच्या क्रमातच मिळते. पीपल्स एज्युकेशन सोसायटी १९४५ ची, सिद्धार्थ महाविद्यालय १९४६ चे, औरंगाबादचे महाविद्यालय १९५० चे. आधी कॉलेजे झाली, मग देहूरोडची मूर्ती, मग महासभा. शिक्षणाची सोय करूनही त्यांना विहाराची गरज वाटली, कारण शाळेतून शिकून बाहेर पडलेला माणूस शहरात जातो. मागे राहणारे म्हातारे आईबाप, शेतमजूर बाया, शाळा सुटलेली पोरे यांना एकत्र बसण्याची जागा खेड्यात दुसरी कुठली? वर्षावास आषाढ पौर्णिमेला सुरू होतो आणि आश्विन पौर्णिमेला संपतो. आजऱ्यात हेच दिवस झडीच्या पावसाचे. रोपलावण उरकून, अंगावरची इरली-घोंगडी दाराशी उतरवून, माणसे संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ ऐकायला जमतात. त्या महिन्यांत मोकळ्या अंगणात, झाडाखाली किंवा मंडपात वाचन होऊच शकत नाही. कोकणकड्याच्या या पावसात ओलेत्या जमिनीवर तीन महिने चालणाऱ्या ग्रंथवाचनाला पक्के छत, कोरडी फरशी आणि एक बल्ब लागतो. त्याच फरशीवर सकाळी बालवाडी आणि रात्री स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका चालू शकते. म्हणून शाळा की विहार असा प्रश्न खेड्यात फारसा उरत नाही. तिथे एकच खोली दोन्ही कामे करते.

समाजमंदिरांचा प्रश्न याच अंगाने आला. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाच्या योजनेतून वस्तीवस्तीत समाजमंदिरे झाली आणि बऱ्याच ठिकाणी त्यांचाच विहार म्हणून वापर सुरू झाला. ही सोय झाली खरी, पण इमारत सरकारी निधीची, नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये, आणि कोपऱ्यात बुद्धमूर्ती, अशी गुंतागुंतही झाली. सत्तापालट झाला की चावी कुणाकडे यावरून वाद होतात. माझे मत स्पष्ट आहे : समाजमंदिर सर्वांच्या उपयोगाचे सार्वजनिक सभागृह म्हणून वापरावे आणि विहार संस्थेच्या मालकीच्या, संस्थेच्या नावावर चढलेल्या जागेतच बांधावा. त्याला वेळ जास्त लागतो, पैसा जास्त लागतो, पण पुढच्या पिढीला कुणाच्या मेहरबानीवर राहावे लागत नाही.

अशा विरोधाचा अनुभव फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातील न्यूटाउन या ग्रामीण वळणाच्या गावात कंबोडियन बौद्धांच्या संस्थेने सुमारे दहा एकर जागा घेतली आणि मंदिराची परवानगी मागितली. २००३ मध्ये गावाच्या नियोजन मंडळाने ती नाकारली आणि २००८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते नाकारणे कायम ठेवले. वाहतूक, शांतता, परिसराचे ग्रामीण रूप, पाणी आणि सांडपाणी, अशी चर्चा तिथे झाली. कॅलिफोर्नियातल्या हासिएंडा हाइट्समध्ये शी लाय मंदिर १९८८ मध्ये पूर्ण झाले, पण त्याआधी रहिवाशांच्या विरोधामुळे सहा जाहीर सुनावण्या आणि शंभरावर समजावणीच्या बैठका घ्याव्या लागल्या. दोन्ही ठिकाणी जात नव्हती, तरी विरोध होता. मग खेड्यातल्या विरोधाला जातीशी जोडणे हा अतिरेक नाही का, असे कुणी विचारेल. प्रश्न योग्य आहे. नवख्याबद्दलचा संशय सगळीकडे असतो, आणि रस्ता, पाणी, सांडपाणी यांची काळजी कुठेही खोटी नसते. पण न्यूटाउनची संस्था गावाला नवी होती. आपल्या वस्तीतली माणसे गावात पाटलाइतकीच जुनी आहेत. गावची वेस, गावची सीमा, कुठल्या बांधाचा दगड कुठे होता याची साक्ष द्यायला ज्यांना बोलावले जात होते, त्यांच्या नातवंडांना ‘तुम्ही इथे नवीन काही आणू नका’ म्हणणे याला नवख्याबद्दलचा संशय म्हणता येणार नाही. म्हणून रस्त्याचा किंवा भोंग्याचा आक्षेप आला तर त्याचे उत्तर मोजमापाने द्यावे : रस्ता किती फुटी, गाड्या कुठे लागणार, रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. हाच मापदंड गावातल्या देवळाच्या आणि मशिदीच्या बांधकामालाही लावला होता का, हे मग शांतपणे विचारावे. पुढची चर्चा त्या उत्तरावर ठरते.

महासभेच्या कार्यकर्त्यांनी या कामात दोन गोष्टी सांभाळल्या, तर कागद बाजूने उभा राहतो. ग्रामसभेत आलेली हरकत लेखी घ्यावी आणि तिचे उत्तर लेखी द्यावे. तोंडी ‘गावचा विरोध आहे’ याला कायद्यात किंमत नाही. आणि विरोध बहिष्कारापर्यंत गेला, दळण, किराणा, मजुरी बंद झाली, तर महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा २०१६ चा आहे आणि तो ३ जुलै २०१७ पासून लागू आहे. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा त्याच्या आधीचा. हे कायदे शेवटच्या वेळी वापरायचे. पहिल्या वेळी वापरायची गोष्ट म्हणजे उघडे दार : विहाराच्या पायाभरणीलाच साऱ्या गावाला निमंत्रण. राजर्षी शाहू मार्च १९२० मध्ये अस्पृश्यांच्या माणगाव परिषदेला स्वतः येऊन बसले ते याच जिल्ह्यात. छत्रपती जिथे बसले, तिथे बसायला शेजाऱ्याला संकोच वाटू नये.

आजरा तालुक्यात या सगळ्याला एक वेगळे वळण आहे. इथली गावठाणे डोंगराच्या उतारावर, तोकडी, एकीकडे भातखाचरे, दुसरीकडे वनखात्याची हद्द. रिकामी जागा मुळातच थोडी. पण चित्री, उचंगी, आंबेओहोळ, सर्फनाला या धरणांनी तालुक्यातली काही माणसे उठवली, आणि उठलेल्या माणसांसाठी नवी गावठाणे कागदावर आखावी लागतात. जुन्या गावात ‘पहिल्यापासून’ हा शब्द चालतो. पुनर्वसनाच्या आराखड्यात तो चालत नाही, कारण तिथे पहिले काही नसतेच. शाळा, रस्ते, पाणी, स्मशानभूमी, समाजमंदिर या नागरी सुविधांच्या जागा अभियंता पेन्सिलीने दाखवतो आणि त्या कुठे असाव्यात यावर बोलायची संधी प्रकल्पग्रस्तांना असते. त्या बैठकीला बौद्ध वस्तीतले लोक हजर राहिले आणि बौद्ध घरे पुन्हा एका टोकाला ओळीने बसवू नयेत, विहारासाठी विकत घेता येईल असा भूखंड वस्तीच्या मध्ये मिळावा, असे लेखी मागितले, तर वेशीबाहेरचा जुना नकाशा नव्याने छापला जाण्याची वेळ येणार नाही. आराखडा मंजूर झाल्यावर ही मागणी करणे फार अवघड होते.

महासभेच्या तालुक्यातल्या कामाची नोंद पुढच्या स्मरणिकेत विहारनिहाय यावी असे मला आग्रहाने सुचवायचे आहे. प्रत्येक विहारासाठी एक पान : जागेचा गट किंवा मिळकत क्रमांक, खरेदी की बक्षीसपत्र, ग्रामपंचायतीच्या ठरावाची तारीख, हरकत कोणती आली, तिला काय उत्तर दिले, बांधायला किती वर्षे लागली, मजुरी कुणी फुकट दिली. बांधकामाला ज्या बायांनी पाण्याच्या घागरी वाहिल्या, त्यांची नावे देणगीदारांच्या यादीत सहसा नसतात, ती आवर्जून घ्यावीत. आणि इतर समाजातल्या एखाद्या शेजाऱ्याने बांध सरकवून वाट दिली असेल किंवा ग्रामसभेत एकट्याने विहाराच्या बाजूने हात वर केला असेल, तर तीही नोंद त्याच पानावर, त्याच ठळक अक्षरात यावी.